सिलिका धुळीची तपासणी येणार आहे: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचोली, अक्कलकोट रोड, होटगी रोड, टेंभुर्णी. गेली काही वर्षं इथल्या कारखान्यांतून मला जे फोन आणि मेसेज येतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक फौंड्रीवाले (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणारे) आहेत, त्यांच्या खालोखाल क्रशर आणि ग्रॅनाइटवाले. काही प्रश्न कामगारांचे आहेत आणि एक कामगाराच्या बायकोचा. सगळं वाचायला वेळ नसेल तर ६, ८ आणि १२ आधी वाचा.

१. सिलिका म्हणजे नक्की काय? आमच्याकडे केमिकल काहीच नाही, नुसती वाळू आहे.

वाळू म्हणजेच मुख्यतः सिलिका. मोल्डिंगच्या वाळूत ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असतं, आणि क्वार्ट्झ हे सिलिकाचं सगळ्यात जास्त आढळणारं स्फटिकरूप. ढिगात पडलेली वाळू कुणाचं काही बिघडवत नाही, कारण तिचा कण मोठा असतो. ती तापून तडकली, नॉकआउटला (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना) फुटली, ग्राइंडरखाली आली की तिचं पीठ होतं. हे पीठ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातं आणि परत येत नाही. शरीरातल्या पेशी कण गिळायला जातात, त्यात स्वतःच मरतात, आणि त्या जागी वण धरतो. असे हजारो वण झाले की त्याला सिलिकोसिस म्हणतात. हा आजार औषधाने बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो. १९९७ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं.

२. आमच्या शेडमध्ये धूळ फारशी दिसत नाही. म्हणजे ठीक आहे ना?

नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोल जाणारा कण १० मायक्रॉनपेक्षा बारीक, त्यातही ४-५ मायक्रॉनच्या आसपासचा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि पंखा, हालचाल असेल तर तासन्‌तास हवेत तरंगतो.

तो बघायचा एक फुकटचा उपाय आहे. दुसऱ्या पाळीत अंधार पडल्यावर फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) जागेचे दिवे घालवा, माणूस काम करत असतानाच एक जोरदार टॉर्च त्याच्या मागून तुमच्या दिशेने धरा आणि टॉर्चचा थेट झोत डोळ्यांवर येणार नाही असे बाजूला उभे राहा. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत जे दिसतं तेच दिसेल, फक्त ते माणसाच्या तोंडासमोर असेल. मी हे ज्या ज्या मालकाला दाखवलं, तो दोन मिनिटं काही बोलला नाही.

३. सोलापूरचा दगड काळा, बेसॉल्ट. त्यात सिलिका नसते असं ऐकलंय. मग क्रशरवाल्यांना हे कशाला?

अर्धं बरोबर ऐकलंय. आपल्या काळ्या पाषाणात सिलिका असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्झ फार कमी. ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडाशी तुलना केली तर क्रशरवाल्याचं नशीब बरं. पण काळ्या दगडात मधेच पांढरी गार लागते, गारगोटीचे खडे निघतात, तिथे टक्का चढतो. शिवाय सिलिका कमी म्हणून धूळ माफ होत नाही; श्वासातल्या एकूण बारीक धुळीलाही मर्यादा आहेच. तुमच्या खडीचा आकडा प्रयोगशाळेतून काढून फाइलला लावा. ‘बेसॉल्टमध्ये नसते’ हे तोंडी सांगून तपासणी होत नाही.

शाहाबादी फरशीवाल्यांनाही हेच उत्तर. तो चुनखडीचा दगड आहे. सिलिका कमी, पण शून्य नाही.

४. आमच्याकडे पंधराच माणसं आहेत. आम्हाला हे लागू होतं का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीच्या संहितेत ‘कारखाना’ म्हणायला विजेवर चालत असेल तर २० आणि विजेशिवाय ४० कामगार लागतात. आधीच्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये हे आकडे १० आणि २० होते. पण लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका. दहा कामगारांची कुठलीही आस्थापना संहितेत येते, आणि धोक्याच्या कामासाठी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारकडे आहे.

मोजताना कॉन्ट्रॅक्टरची माणसंही धरायची. ‘रोलवर नऊ, बाकी ठेकेदाराचे’ हे गणित मी फार वेळा ऐकलंय आणि ते फार वेळ टिकत नाही. दगडाची खाण असेल तर मात्र खाण सुरक्षा महासंचालनालयाचं दार वेगळं.

५. तपासणी सांगून येते की अचानक?

दोन्ही. नेहमीच्या तपासणीसाठी कारखाना संगणकावरून निवडला जातो. तक्रार, अपघात किंवा आजाराची नोंद झाली असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे, म्हणजे ‘डिश’चे, अधिकारी न सांगता येऊ शकतात. तक्रार कोणी केली हे अधिकाऱ्याने सांगायचं नसतं, तेव्हा ते विचारू नका आणि नंतर शोधतही बसू नका.

६. साहेब आल्यावर आधी काय बघतात? फाइल की शॉप?

पूर्वी ऑफिसात चहा, मग फाइल, मग जमलं तर शॉप असा क्रम असायचा. धुळीची तपासणी करणारा अनुभवी अधिकारी आता सरळ आत शिरतो आणि आधी वर बघतो. गर्डरवर, केबल ट्रेवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर किती थर बसलाय हे बघितलं की त्याला गेल्या सहा महिन्यांची गोष्ट कळते. खाली झाडून घेतलेलं असतं, वर कोणी चढत नाही.

मग तो बघतो खराटा. सिलिका असलेल्या जागी कोरडं झाडणं म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाशी आणणं. मग हवेचा पाइप. पाळी सुटताना कामगार एकमेकांच्या अंगावर हवा मारून घेतात, टोपी गुडघ्यावर आपटतात, आणि ते सगळं जाळीच्या बाकड्यापाशी, जिथे डबे ठेवलेले असतात तिथे. भाकरी-शेंगाचटणीचा डबा ग्राइंडरच्या शेजारी उघडलेला दिसला की पुढचे अर्धे प्रश्न त्यातूनच निघतात. मी एका शेडमध्ये पाण्याचा माठ थेट नॉकआउटच्या शेजारी ठेवलेला पाहिलाय. वरच्या झाकणावर बोटाने नाव लिहिता येत होतं.

त्यानंतर डस्ट कलेक्टर (प्रश्न १२), तोंडावर काय बांधलंय (प्रश्न १३), आणि शेवटी फाइल (प्रश्न १९). तयारीही याच क्रमाने करा.

७. धूळ मोजतात कशी? शेडमध्ये मशीन ठेवून होत नाही का?

शेडच्या मध्यावर ठेवलेलं मशीन शेडची हवा सांगतं, माणसाची नाही. फेटलिंगवाला वाकून काम करतो. त्याचं नाक धुळीपासून हातभर अंतरावर असतं. म्हणून नमुना माणसाच्या अंगावर घ्यायचा. कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ सायक्लोन आणि त्याच्या आत वजन केलेला फिल्टर. सायक्लोन जाड कण बाजूला पाडतो, बारीक तेवढे फिल्टरवर जातात. पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढतो. नेमका वेग सायक्लोनच्या मॉडेलवर ठरतो आणि आधी-नंतर कॅलिब्रेट करावा लागतो. पूर्ण पाळीभर पंप चालायला हवा. फिल्टरचं वजन करून धूळ कळते आणि एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा इन्फ्रारेड पद्धतीने त्यातलं क्वार्ट्झ.

प्रयोगशाळा ठरवताना एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही क्वार्ट्झचा टक्का काढून देता का?’ नुसतं वजन करून देणारे बरेच आहेत. तो रिपोर्ट सिलिकाचा नव्हे. अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आणि मुंबईत शीवची केंद्रीय श्रम संस्था या विषयातल्या सरकारी संस्था आहेत.

८. रिपोर्टवर ०.९ लिहिलंय. हे पास की नापास?

नुसत्या ०.९ वरून कोणीच सांगू शकत नाही. आधीच्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं आहे: श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीची मर्यादा, घनमीटरला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे १० भागिले (क्वार्ट्झचा टक्का अधिक २).

समजा बारीक धूळ ०.९ आणि त्यात क्वार्ट्झ १४ टक्के. मर्यादा झाली १० भागिले १६, म्हणजे ०.६२५. नापास. हीच ०.९ धूळ क्रशरवर असेल आणि क्वार्ट्झ ३ टक्के असेल, तर मर्यादा १० भागिले ५, म्हणजे २. पास. मर्यादा तुमच्या धुळीनुसार बदलते, म्हणून शेजारच्या कारखान्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

इथे तीन ठिकाणी माणसं फसतात.

एकूण धुळीचं सूत्र वेगळं आहे: ३० भागिले (टक्का अधिक ३). काही रिपोर्टांत बारीक धुळीचा आकडा एकूण धुळीच्या मर्यादेशी लावून ‘मर्यादेत’ असा शिक्का मारलेला असतो. शिक्का न बघता भागाकार स्वतः करा, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

दुसरं, तापलेल्या वाळूत काही क्वार्ट्झचं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच आणखी एक स्फटिकरूप) होऊ शकतं. त्याची मर्यादा क्वार्ट्झच्या निम्मी.

तिसरं, ही मर्यादा आठ तासांच्या सरासरीची आहे. बारा तासांची पाळी चालवत असाल तर तेवढ्याच हवेत माणूस दीडपट धूळ घेतो. आठ तासांचा ‘पास’ त्याला लावता येत नाही.

आणि एक माझं मत. आपलं सूत्र सैल आहे. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने श्वासातल्या क्वार्ट्झची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम ठेवली. वरच्या उदाहरणात ०.९ च्या १४ टक्के म्हणजे ०.१२६, त्याच्या अडीचपट. तपासणीपुरतं आपलं सूत्र पाहा, माणसांसाठी ०.०५ डोळ्यांसमोर ठेवा.

९. प्रदूषण मंडळाला दिलेला धुळीचा रिपोर्ट आहे. तोच दाखवला तर?

चालणार नाही. तो कारखान्याच्या आसपासच्या हवेचा असतो. उदाहरणार्थ, क्रशरसाठी यंत्रापासून ३ ते १० मीटरवर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, ती एकूण तरंगत्या धुळीची. तिचा माणसाच्या नाकाशी आणि क्वार्ट्झच्या टक्क्याशी संबंध नाही. दोन्ही रिपोर्ट वेगळे ठेवा.

१०. मोजणीचा खर्च आत्ता झेपत नाही. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काय करू?

सगळ्या कारखान्याची मोजणी करू नका. सगळ्यात जास्त धूळ खाणारी दोन-तीन माणसं कोण हे तुम्हाला डोळे मिटून सांगता येतं: फेटलिंगवाला, नॉकआउटवाला, वाळूच्या हॉपरखाली साफ करणारा. फक्त त्यांची मोजणी करा. त्याच्याही आधी मात्र धूळ कमी करायला लागा. आज मोजलं आणि नापास आलं, तर तो कागदही तुमच्याच फाइलमध्ये राहणार आहे; त्याच्या शेजारी ‘मग हे केलं’ असा दुसरा कागद असला पाहिजे.

११. पाणी मारा म्हणतात. सोलापुरात पाणी आहे कुठं?

हा प्रश्न फक्त सोलापूरचाच असू शकतो. ज्या शहरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, उजनीत किती टक्के उरलं हे सकाळी आधी बघतात, तिथे ‘पाणी मारा’ हे सल्लागारासारखं बोलणं झालं.

पण पाणी लागतं ते वाटतं त्यापेक्षा कमी. शेड भिजवायचं नाही, धूळ जिथे जन्मते तिथेच भिजवायची. दगड कापणाऱ्या ब्लेडवर पाण्याची बारीक धार, क्रशरच्या जबड्यापाशी आणि बेल्टच्या टोकाला धुक्यासारखा फवारा. एकदा उडालेल्या धुळीवर कितीही पाणी मारलं तरी बारीक कण त्यातून निसटतो. कापणीचं पाणी दोन-तीन कप्प्यांच्या टाकीत निवळून परत वापरता येतं. फक्त तळाचा गाळ ओला असतानाच काढा. तो अंगणात वाळत घातला की वैशाखाच्या वाऱ्यात तीच धूळ परत शेडमध्ये येते, मग पाण्याचा उपयोग काय झाला?

झाडण्यासाठी बादलीभर पाण्याचा शिडकावा आणि मग ओलं ओढणं, किंवा हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम. वितळलेलं लोखंड असेल तिथे मात्र पाणी अजिबात नको, स्फोट होतो. तिथे खेचून घेणाऱ्या हवेशिवाय पर्याय नाही.

१२. डस्ट कलेक्टर बसवलाय, लाखो रुपये घातले. तरी धूळ तशीच. का?

जवळजवळ प्रत्येक फौंड्रीत हे होतं आणि कारणं ठरलेली आहेत.

आधी हुडपाशी, म्हणजे धूळ खेचून घेणाऱ्या तोंडापाशी, जा. उदबत्ती पेटवा आणि धूळ उडते तिथे धरा. धूर हुडात गेला पाहिजे. एका ठिकाणी मी हे केलं तेव्हा धूर हुडाकडे पाठ करून ग्राइंडरवाल्याच्या तोंडावर गेला, कारण मागे मालकाने प्रेमाने मोठा फरशी-पंखा लावून दिला होता. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, पंखा बंद करा म्हणणं सोपं नाही. पण पंख्याची दिशा बदलता येते: वारा माणसाच्या पाठीकडून हुडाकडे गेला पाहिजे, आडवा नाही. आणि हुड लांब असेल तर खेच फार झपाट्याने कमी होते. वीतभर अंतर कमी केलं की मोटर बदलल्यासारखा फरक पडतो.

मग डक्ट, म्हणजे हुडापासून धूळ वाहून नेणारा पाइप. बोटाच्या पेरांनी पाइपवर टकटक करत चला. ठणठण वाजला तर रिकामा. बद्द आवाज आला तर आत धूळ बसलीय. आडव्या पाइपात आणि कोपऱ्यांवर हे हमखास होतं. अशा जड धुळीसाठी पाइपातल्या हवेचा वेग सेकंदाला १८-२० मीटर लागतो. नंतर कुणीतरी दोन जादा हुड त्याच लाइनला जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांचाच वेग मरतो.

मग बॅग फिल्टरचा (धूळ अडवणाऱ्या पिशव्यांचा) मॅनोमीटर, म्हणजे दाबातला फरक दाखवणारा मापक. बहुतेक ठिकाणी १०० ते १५० मिलिमीटर पाण्याइतका फरक ठीक समजतात; तुमच्या बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाहा. फार जास्त असेल तर पिशव्या गच्च झाल्यात. शून्याजवळ असेल तर खूश होऊ नका, पिशवी फाटलीय किंवा मॅनोमीटरची नळीच निघालीय. रोज सकाळी हा आकडा भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीने लिहायला लावा. तपासणीत हा मळका कागद चकचकीत फाइलपेक्षा जास्त बोलतो.

शेवटी हॉपर रिकामा करणारा. डस्ट कलेक्टरने दिवसभर गोळा केलेली सगळ्यात बारीक, सगळ्यात वाईट धूळ तो फावड्याने पोत्यात भरतो. त्याचं नाव यादीत आहे का?

१३. कामगार तोंडाला टॉवेल बांधतात. तो चालत नाही का?

सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याच्या विणीतून ५ मायक्रॉनचा कण सहज जातो. सर्जिकल मास्कही नको, त्याच्या कडांनी हवा आत येते. कमीत कमी एफएफपी-२ किंवा एन-९५ दर्जाचा, आयएस ९४७३ चा शिक्का असलेला मास्क हवा. जिथे मर्यादेच्या दहापटीकडे धूळ जाते, तिथे हाही पुरत नाही. ब्लास्टिंगच्या (वाळू किंवा छर्रे जोरात मारून सफाई करायच्या) खोलीत तर बाहेरून हवा पुरवणारं हेल्मेटच लागतं.

दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. हे धर्माच्या किंवा हौशीच्या आड येतं, तेव्हा हुकूम सोडण्याआधी त्या माणसाशी बोला. सैल हुडाचा, पंख्यावर चालणारा मास्क हा त्याला पर्याय आहे. घामाने भिजलेला मास्क पाळीच्या मध्यात बदलून द्या. ‘आठवड्याला एक’ असा हिशोब ठेवणारे स्टोअरवाले मला माहीत आहेत. मे महिन्यात तो मास्क दुसऱ्या दिवशी पापड होतो. मास्कचे पैसे पगारातून कापायचे नसतात.

आणि सुपरवायझरच्या गळ्यात मास्क लोंबकळत असेल तर बाकी कोणाला काही सांगू नका.

१४. आम्ही स्टील शॉटने (पोलादी छर्ऱ्यांनी) ब्लास्टिंग करतो, वाळू वापरतच नाही. मग आमच्या मशीनवर मोजणी कशाला?

शॉट स्टीलचा असला तरी कास्टिंगला चिकटलेली वाळू कुठली? तीच फुटून उडते. दार बंद असताना ठीक, पण सील झिजलेलं असेल किंवा चक्र पूर्ण व्हायच्या आत दार उघडलं, तर सगळा ढग बाहेर. ‘आमची ग्रीन सँड ओली असते’ हाही याच जातीचा युक्तिवाद. मोल्डिंगला ओली असते, पण ओतल्यानंतर ती कोरडीठाक होते, आणि नॉकआउटला कोरडीच येते.

१५. किचन ओट्याचं दुकान आहे, दोन कारागीर. आमच्याकडे कोण येणार तपासायला?

कदाचित कोणी नाही, आणि म्हणूनच सांगतो. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ साधारण पाव ते तिसरा हिस्सा असतं. पण ‘क्वार्ट्झ’ नावाने विकली जाणारी कृत्रिम स्लॅब ९० टक्क्यांपर्यंत सिलिकाची असते. ती कोरडी कापणाऱ्या तरुण कारागिरांना काही वर्षांतच सिलिकोसिस झाल्याचं अनेक देशांत दिसलं आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा स्लॅबवर बंदीच घातली. हँड-ग्राइंडरला पाण्याची नळी जोडा आणि गिऱ्हाइकाच्या घरात, बंद स्वयंपाकघरात कोरडं कापणं आजपासून बंद करा.

१६. वैद्यकीय तपासणी कोणाची, किती वेळा, काय काय?

धोक्याच्या प्रक्रियेतल्या कामगाराची कामावर घेण्याआधी, मग बारा महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा. फौंड्री आणि कास्टिंगची ब्लास्टिंग-सफाई प्रश्न ४ मधल्या संहितेच्या पहिल्या अनुसूचीत धोक्याची प्रक्रिया म्हणून नोंदलेली आहे. छातीचा पूर्ण आकाराचा एक्स-रे, फुंकर मारायची फुप्फुसांची चाचणी, आणि आधी कुठे-कुठे काम केलं याची सविस्तर विचारपूस. हे शेवटचं डॉक्टर हमखास गाळतात. एक्स-रे वाचणारा न्यूमोकोनिओसिससाठी (धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांसाठी) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केलेल्या वर्गीकरणाने वाचणारा असावा.

दोनशे माणसांची तपासणी एका सकाळी उरकून सगळ्यांना ‘फिट’ देणारी व्हॅन येते, ती नको. खर्च मालकाचा, कामगाराचा नाही.

१७. एकाच्या एक्स-रेत डाग आलाय. त्याला कामावरून कमी केलं तर तपासणीत अडचण येईल का?

कमी केलं तरच अडचण येईल. सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. कारखान्याने कळवायचा आणि निदान करणाऱ्या डॉक्टरनेही. तो भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून आहे. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथून लाभ, नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकावर. त्याला धुळीबाहेरचं काम द्या, त्याच पगारावर.

दुसरी शक्यता टीबीची. दोन्हींचे एक्स-रे सारखे दिसू शकतात, आणि सिलिका भरलेल्या फुप्फुसाला टीबी होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही असतात. सिव्हिलला थुंकीची तपासणी मोफत होते. टीबीच्या औषधांनी दोनदा बरं न वाटलेला फौंड्रीचा माणूस असेल तर डॉक्टरला त्याचं काम आवर्जून सांगा.

एकाला डाग निघाला म्हणजे त्याच जागी काम करणाऱ्या बाकीच्यांचीही तपासणी करायची, हे मात्र कोणी विचारत नाही.

१८. यांचे कामाचे कपडे मी घरी धुते. मला, पोरांना काही होईल का?

ताई, धोका यांच्यापेक्षा खूप कमी आहे, पण कपडे झटकू नका. झटकताना उडते ती तीच धूळ. आधी बादलीत भिजवा, मग चोळा, आणि घरच्या कपड्यांत मिसळू नका. खरं तर कपडे कारखान्यातच बदलायची आणि अंघोळीची सोय हवी. तेवढं यांना मागायला सांगा.

१९. फाइलमध्ये काय काय हवं?

मोजणीचे रिपोर्ट भागाकारासकट, वैद्यकीय नोंदी, डस्ट कलेक्टरची देखभाल, मास्क वाटपाची सही, प्रशिक्षणाची नोंद, वाळू आणि रेझिनची सुरक्षा माहितीपत्रकं, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांची यादी. वैद्यकीय कागद बंद पाकिटात, कारण ते बघायचा अधिकार सगळ्या ऑफिसला नाही. मागच्या तारखा घालून आज रात्री तयार केलेली फाइल ओळखू येते: सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने.

प्रशिक्षणाबद्दल एवढंच, की ते माणसाच्या भाषेत व्हायला हवं. सोलापूरच्या एका शॉपमध्ये तेलुगू, कन्नड, मराठी आणि बिहार-ओडिशाची हिंदी असं सगळं असतं. इंग्रजी पोस्टरखाली घेतलेला फोटो म्हणजे प्रशिक्षण नव्हे. त्यांच्यातल्याच एका जुन्या माणसाला बोलायला उभं करा.

२०. तपासणीच्या दिवशी फेटलिंग बंद ठेवलं तर?

गर्डरवरचा थर बंद ठेवता येत नाही (प्रश्न ६). शिवाय बंद शॉप बघून अधिकारी पुन्हा येतो, आणि या वेळी कळवत नाही. फेटलिंग खरंच वाईट अवस्थेत असेल तर ते आजच थांबवा आणि दुरुस्तीची वर्क ऑर्डर हातात ठेवा. जे झालेलं नाही ते ‘झालेलं नाही, या तारखेला होईल’ असं सांगितलेलं चालतं. सहसा दुरुस्तीला मुदत मिळते. खोटं सापडलं की मिळत नाही.

२१. मालकाने सांगितलंय, साहेबांनी विचारलं तर ‘रोज मास्क मिळतो’ म्हणा. मी काय करू?

खरं सांगा. अधिकाऱ्याला कामगाराशी एकट्याने बोलायचा हक्क आहे. धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मिळणं, आणि जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो वरच्यांच्या लक्षात आणून देणं हा तुमचा कायद्याने हक्क आहे. बोलायला भीती वाटत असेल तर निदान तुमचा एक्स-रे आणि वैद्यकीय अहवालाची प्रत मागून घरी ठेवा. कारखाना बदलला, गाव बदललं, दहा-पंधरा वर्षांनी दम लागायला लागला, तर तुम्ही कुठे काय काम केलं हे सांगणारा तेवढाच कागद हाताशी असेल. पगाराची स्लिप किंवा ओळखपत्रही त्यालाच टाचून ठेवा.